कार्ड दहा गिगाबिटचं, वेग चाळीसचाच

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एक छोटा एडिटिंग स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, वाढदिवस आणि हंगामात कुस्तीची मैदानं. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही. तीन एडिटिंग मशीन, तिन्हींवर विंडोज, आणि कपाटाशेजारी जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवलेली एक लिनक्सची पेटी. सगळं फुटेज तिच्यावर साठतं. चौथ्या पिढीचा आय७, चार साटा एसएसडी रेड १० मध्ये (चारही मिळून एक डिस्क, प्रत्येक गोष्टीची जोडप्रत ठेवणारी), डेबियन १२ हे लिनक्स, आणि विंडोजवाल्यांना फोल्डर दिसावेत म्हणून सांबा. पेटी जुनी आहे, पण या कामाला पुरून उरेल अशी आहे.

पावसाळ्यात आण्णांचा फोन आला. "भावा, दहाचं कार्ड घातलं, स्विच घेतला, केबल घेतली. साठ जीबीचं फोल्डर टाकायला आधी पंचवीस मिनिटं लागायची, आता बी पंचवीसच लागत्यात. काय फरकच पडंना झालाय बघ."

मी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं आणि पान उलटलं. ते नीट वाचलं असतं तर माझा दीड दिवस वाचला असता.

आधी आकड्यांची भाषा एक करून घेऊ, कारण घोळ इथेच सुरू होतो. कार्डाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ते गिगाबिटमध्ये आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १० गिगाबिट म्हणजे सेकंदाला १,२५० मेगाबाइट. ६० जीबी पंचवीस मिनिटांत, म्हणजे १,५०० सेकंदांत गेले तर सेकंदाला ४० मेगाबाइट पडतात. कार्डाच्या ऐपतीच्या जेमतेम तीन टक्के. साधं एक गिगाबिटचं कार्डही धडधाकट असेल तर ११० मेगाबाइट सहज देतं. स्टुडिओत फोरके फुटेज १०० मेगाबिटने चित्रित होतं, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं एक लग्न पेटीत उतरवायचं तर अर्धा दिवस जायचा, त्यामुळे आण्णांची चिडचिड रास्तच होती.

कार्ड सेकंडहँड, कुठल्याशा सर्व्हरमधून निघालेलं, इंटेलच्या ८२५९९ चिपचं. लिनक्समध्ये ही चिप आयएक्सजीबीई नावाच्या ड्रायव्हरवर चालते आणि तो ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. कार्ड बसवलं होतं आण्णांच्या भाच्याने. पोरगा हुशार आहे. जुन्या कार्डाच्या सेटिंग्ज फाइलमधून उचलून नव्याच्या नावावर केल्या, आणि नेटवर्क पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्याचं कौतुक झालं ते योग्यच, पण त्याने सेटिंग्जबरोबर आणखी काय उचललं होतं ते नंतर कळलं.

तारेपासून सुरुवात

माझी सवय अशी की खालून वर जायचं. आधी तार, मग कार्ड, मग कर्नल, मग प्रोग्राम. पेटीवर एथटूल हे नेटवर्क कार्डाची विचारपूस करणारं साधन चालवून पाहिलं: वेग १०००० मेगाबिट, फुल डुप्लेक्स, लिंक सापडली, होय. त्याच एथटूलला मोठ्या एसचा पर्याय दिला की कार्डाचे आतले मोजणीचे आकडे दिसतात. सीआरसी चुका, म्हणजे वाटेत बिघडलेले डेटाचे तुकडे, शून्य. पेटीपासून स्विचपर्यंत तीन मीटरची ट्विनॅक्स केबल होती, जिच्या दोन्ही टोकांना एसएफपी प्लसचे ठोकळे आधीच बसवलेले असतात. तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. तार निर्दोष.

जाता जाता तिसऱ्या मशीनचं सांगून टाकतो. ते अजून एक गिगाबिटच्या तांब्याच्या केबलवर होतं आणि मोजल्यावर ९४ मेगाबिट दाखवत होतं. ९४ दिसलं की पुढे काही शोधायचं नसतं. लिंक शंभरवर पडलेली असते. हजारला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. उरलेल्या दोनपैकी एखादी सुटली की दोन्ही टोकं गपगुमान शंभरवर तडजोड करतात आणि कुणाला सांगत नाहीत. भिंतीजवळचा जॅक कापून नव्याने क्रिम्प केला, ९४१ आले. दहा मिनिटांचं काम.

आता मुख्य पेटी. आयपर्फ३ हे साधन मला यासाठी आवडतं की ते एका मशीनच्या रॅममधून दुसऱ्याच्या रॅममध्ये नुसते बाइट ढकलतं. मध्ये डिस्क नाही, सांबा नाही, विंडोजचा एक्सप्लोरर नाही. पेटीवर ते सर्व्हर म्हणून चालू केलं, पहिल्या एडिटिंग मशीनवरून धक्का दिला. ३.२ गिगाबिट. उलट्या दिशेनेही जवळपास तेवढेच. दहा सेकंद चालवा, मिनिटभर चालवा, आकडा ३.२ वरून हलेना.

इतका स्थिर आकडा दिसला की मला हायसं वाटतं. गर्दीमुळे किंवा चुकांमुळे वेग पडतो तेव्हा आकडा उड्या मारतो. एकाच जागी खिळून बसलेला आकडा म्हणजे कुठेतरी तेवढ्याच रुंदीचं दार आहे.

दार कुठलं ते कर्नलने आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त कुणी वाचलं नव्हतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, आयएक्सजीबीई शोधल्यावर मिळालेली ओळ मराठीत सांगायची तर अशी: या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसची (कार्डं मदरबोर्डाला जोडणारी) ४.००० गिगाबिट इतकी वाट उपलब्ध आहे, अडचण अमुक ठिकाणच्या ५ जीटीच्या एक्स१ (एका लेनच्या) जोडणीत आहे, एक्स८ मिळाली तर ३२.००० गिगाबिट घेता येतील. यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब मिळत नाही. बसवलेल्या कार्डांची यादी देणारं एलएसपीसीआय दोन वेळा व्ही देऊन चालवलं तर तेच: क्षमतेच्या ओळीत रुंदी एक्स८, सद्यस्थितीच्या ओळीत एक्स१, आणि पुढे दर्जा घसरल्याची खूण. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन चालवा बरं का, नाहीतर या ओळी दिसतच नाहीत आणि माणूस म्हणतो माझ्याकडे असं काही येत नाही.

मदरबोर्डवर पूर्ण लांबीचे स्लॉट तीन. भाच्याने कार्ड सगळ्यात खालच्यात घातलं होतं, कारण तो मोकळा होता आणि कार्ड त्यात छान बसत होतं. पण स्लॉटची लांबी आणि त्याच्यामागच्या तारा या वेगळ्या गोष्टी. त्या बोर्डावर खालचा स्लॉट चिपसेटवरून येतो, शेजारच्या लहान स्लॉटांशी वाटणी करतो, आणि बायोसमध्ये काही बदललं नाही तर त्याच्या वाट्याला एकच लेन येते. मोठ्या वाड्याच्या दरवाजामागे बोळ असावा तसं. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन सेकंदाला ५ अब्ज ठोके देते, पण प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून कामाचे उरतात ४ गिगाबिट. त्यातून प्रत्येक तुकड्याचं मथळ्याचं ओझं आणि कार्डाचा स्वतःचा हिशेबठिशेब वजा जाता ३.२ हा आकडा अगदी जिथल्या तिथे बसतो.

वरच्या, थेट प्रोसेसरशी जोडलेल्या स्लॉटमध्ये काय होतं? एक जुनं ग्राफिक्स कार्ड, ज्याला मॉनिटर जोडून कित्येक महिने झाले असतील. आय७ ला स्वतःचं ग्राफिक्स आहे. ते कार्ड काढलं, त्यावरची धूळ गॅलरीत झटकली, आणि नेटवर्क कार्ड वर सरकवलं.

पेटी चालू केली आणि नेटवर्क पूर्ण गेलं.

"आता तर पार बंदच पाडलंस की रं," आण्णा दारातून म्हणाले.

घाबरायचं कारण नव्हतं. लिनक्समधल्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी २०१३ पासून इंटरफेसला, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीला, नाव देताना कार्ड पीसीआयच्या कुठल्या बसवर, कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते बघतं. आधी कार्ड तिसऱ्या बसवर होतं म्हणून नाव ईएनपी३एस०, आता पहिल्यावर गेलं म्हणून ईएनपी१एस०. सेटिंग्जच्या फाइलमध्ये मात्र जुनंच नाव. कार्डाने घर बदललं होतं, पत्ता तोच राहिला होता. मी मॉनिटर जोडला, फाइलमध्ये जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे सेड या शोधून बदलणाऱ्या साधनाने नवं घातलं, नेटवर्क परत आलं. सगळं मिळून पाच मिनिटं. आणि या पाच मिनिटांत मीही भाच्याने केली तीच चूक केली: फाइल बदलली, पण वाचली नाही.

एक कोअर दमलेला

आता एलएसपीसीआय एक्स८ दाखवत होतं. आयपर्फने ५.८ गिगाबिट दिले. जवळजवळ दुप्पट, पण नऊच्या पुढे जायला हवं होतं. आणि या वेळी आकडा ५.५ ते ६ मध्ये झुलत होता. म्हणजे हे दार नव्हतं, कुणीतरी दमत होतं.

एमपीस्टॅट या साधनाला प्रोसेसरचे सगळे कोअर सेकंदासेकंदाला दाखवायला सांगितलं. खरे कोअर चार, पण लिनक्सला ते आठ दिसतात. आठ ओळींपैकी सात जवळपास रिकाम्या, आणि एका ओळीत सॉफ्ट या रकान्यात १००. म्हणजे एक कोअर सगळा वेळ फक्त आलेली पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, उचलण्यात घालवत होता. बाकीचे सात मदतीला का येत नव्हते? कारण कार्ड पाकिटांची विभागणी प्रवाहानुसार करतं. एका टीसीपी जोडणीची (टीसीपी म्हणजे पोच घेत घेत डेटा नेण्याची पद्धत) पाकिटं एकाच रांगेत, एकाच कोअरकडे जातात, नाहीतर त्यांचा क्रम विस्कटेल. फाइल कॉपी ही एकच जोडणी असते, त्यामुळे आठ कोअर दिसत असूनही एकाच्याच डोक्यावर पाटी.

१० गिगाबिटवर १,५०० बाइटांची पाकिटं पूर्ण भरून धावली तर सेकंदाला साधारण ८,१२,००० पाकिटं येतात. प्रत्येकाला मायक्रोसेकंदाहून थोडा जास्त वेळ. इतक्या वेळात प्रत्येक पाकीट आयपीच्या आणि टीसीपीच्या सगळ्या पायऱ्या चढवायचं म्हटलं तर एक कोअर कमी पडणारच. म्हणून २००९ मध्ये २.६.२९ या कर्नलपासून जीआरओ ही सोय आली: एकाच प्रवाहाची लागोपाठ आलेली पाकिटं खालीच एकत्र बांधायची आणि ६४ केबीपर्यंतचा एकच गठ्ठा वर पाठवायचा. चाळीसेक पाकिटांचं काम एका फेरीत. डेबियनवर ती आपोआप चालू असते.

इथे ती बंद होती. एथटूलला लहान के देऊन पाहिलं तर जीआरओ बंद, आणि पाठवण्याच्या बाजूचे तिचे भाऊबंद टीएसओ आणि जीएसओ, तेही बंद. आता मात्र सेटिंग्जची फाइल उघडून ओळ न ओळ वाचली. खाली एक ओळ होती: इंटरफेस वर आला की एथटूलने या तिन्ही सोयी बंद कर. कधीकाळी त्या स्टुडिओत त्याच पेटीवर एक आभासी मशीन (संगणकातला संगणक) ब्रिज करून, म्हणजे पेटीच्याच कार्डातून नेटवर्कला जोडून, चालवलं होतं, तेव्हा कुणीतरी ही ओळ घातली असणार. ब्रिजिंग करताना एलआरओ नावाची जुनी सोय बंद ठेवावी लागते हे खरं. पण जीआरओ वेगळी, ती याच अडचणीतून मार्ग काढून बनवली गेली. एल आणि जी यांतल्या फरकाकडे दुर्लक्ष करून 'सगळंच बंद करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. आभासी मशीन गेलं, ओळ राहिली. भाच्याने तिला नव्या कार्डाच्या नावावर केलं, मग मी सेडने पुन्हा नव्या नावावर केलं. निदान त्या ओळीचं नाव तरी आम्ही दोघांनी इमानेइतबारे अद्ययावत ठेवलं.

त्याआधी मी एक निरर्थक प्रयोग केला होता, तोही कबूल करतो. कार्डाच्या रिंगची, म्हणजे पाकिटं तात्पुरती थांबतात त्या रांगेची, लांबी ५१२ वरून ४,०९६ केली होती, कारण ते करून बघणं सोपं असतं. फरक शून्य. पोस्टमन दमलेला असताना पेटी मोठी लावून पत्रं लवकर पोचत नाहीत. रिंग परत ५१२ वर आणली.

ओळ काढली, तिन्ही सोयी चालू केल्या, आयपर्फ चालवलं: ९.४१ गिगाबिट. त्या एका कोअरचा सॉफ्टचा आकडा तिशीत.

९.४१ हा ओळखीचा आकडा आहे आणि तो पाठ असावा. १,५०० बाइटांतून आयपीचे २०, टीसीपीचे २० आणि वेळेच्या शिक्क्याचे १२ गेले की १,४४८ उरतात. तारेवर मात्र पाकिटाला इथरनेटचा मथळा, शेपटी, आधीची ललकारी आणि नंतरचं अंतर धरून १,५३८ बाइटांची जागा लागते. १,४४८ भागिले १,५३८ म्हणजे ०.९४१. १,५०० बाइटांची पाकिटं आणि वेळेचा शिक्का असेल तर एक गिगाबिटवर ९४१ आणि दहावर ९.४१ याच्यावर टीसीपीला जाताच येत नाही. तिथे पोचलात की नेटवर्क कार्डाचा विषय संपला.

संपला असं मलाही वाटलं.

पुन्हा पंचवीस मिनिटं

आण्णांना हाक मारली, तेच साठ जीबीचं फोल्डर ओढून पेटीवर टाकलं. विंडोजची खिडकी उघडली, हिरवी रेघ सरकू लागली, आणि आकडा आला: ४०.३ मेगाबाइट प्रति सेकंद.

आण्णा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गोगलगायीगत चाललंय की. तू दोन दिस नेमकं काय केलंस?"

उत्तर देता आलं नाही. खरं तर दोन खरे दोष सापडले होते आणि दुरुस्त झाले होते, ३.२ चे ९.४१ झाले होते. पण आण्णांनी आयपर्फ कधी चालवलं नव्हतं, चालवणारही नव्हते. त्यांनी तक्रार केली होती कॉपीची, आणि मी दुरुस्त केलं होतं ते मला मोजायला आवडतं ते.

त्यांच्या मेव्हण्यांनी याच वेळी जंबो फ्रेम, म्हणजे मोठी पाकिटं, सुचवली. एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) ९,००० करा, सगळे करतात. मी नको म्हटलं. ९.४१ चे फार तर ९.९ होतील, आणि त्याच स्विचवर प्रिंटर आहे, वायफायचा राउटर आहे, तिसरं मशीन आहे. एकाने ९,००० आणि दुसऱ्याने १,५०० ठेवलं की लहान गोष्टी चालतात, मोठ्या मध्येच लटकतात, आणि तो दोष शोधणं हा आजच्यापेक्षा वाईट दिवस असतो. शिवाय आत्ता अडलं होतं ते ४० वर. तिथे अर्ध्या गिगाबिटची बचत काय करणार?

तेव्हा कुठे डायरीचं पान परत उलटलं. आधी पंचवीस, आता बी पंचवीसच.

कार्ड दहापट झालं, स्लॉट बदलला, जीआरओ चालू झाली, आणि कॉपीचा वेग एका मेगाबाइटनेही हलला नाही. जी गोष्ट अरुंद आहे ती या सगळ्या बदलांमध्ये जशीच्या तशी राहिलेली असणार. तार बदलली, कार्ड बदललं, स्विच बदलला. न बदललेलं काय? डिस्क आणि सांबा. आणि जुनं एक गिगाबिटचं कार्डही ११० ऐवजी ४० च देत होतं, म्हणजे दोष नव्या कार्डाच्या आधीपासूनचा होता. हे सगळं पहिल्या फोनमध्येच होतं.

डिस्कचा निकाल लवकर लावला. फाइल वाटायच्या फोल्डरांत एक तात्पुरता जोडला, जो डिस्कवर नव्हे तर थेट रॅममध्ये होता, टीएमपीएफएसवर. त्यात आठ जीबीची एक फाइल कॉपी केली. ४० मेगाबाइट. डिस्क सुटली. एफआयओ वगैरे डिस्क मोजणारी साधनं चालवून आकडे काढण्यापेक्षा संशयिताला वाटेतूनच बाजूला काढणं मला जास्त पटतं, त्यात वाद घालायला जागा उरत नाही.

उरला सांबा. कॉपी चालू ठेवली आणि पेटीवर एसएस हे जोडण्यांची माहिती देणारं साधन टी, एम, आय हे तीन पर्याय देऊन सांबाच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टसाठी चालवलं. प्रत्येक जोडणीसाठी मेमरीच्या हिशेबाचा एक कंस येतो. त्यात आरबीपुढे आकडा असतो, तो घेणाऱ्या बफरचा, म्हणजे आलेला डेटा ठेवायच्या जागेचा, आणि टीबीपुढे पाठवणाऱ्याचा. निरोगी जोडणीत आरबी लाखांत असतो, आणि कॉपी रंगात आली की वाढत जातो. इथे होतं: आरबी१६३८४. टीबीही १६३८४. दर सेकंदाला पुन्हा चालवून बघितलं, दोन्ही जागच्या जागी.

१६,३८४ म्हणजे ८,१९२ ची दुप्पट. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामने बफरचा आकार स्वतः मागितला की कर्नल त्याची दुप्पट करतो, हिशेबाच्या नोंदींना जागा म्हणून. म्हणजे कुणीतरी ८,१९२ मागितले होते. सांबाच्या सेटिंग्जची फाइल उघडली आणि सॉकेट ऑप्शन्सच्या ओळीत टीसीपी नोडिले, त्यापुढे एसओ आरसीव्हीबफ बरोबर ८१९२, एसओ एसएनडीबफ बरोबर ८१९२. ही ओळ मी आयुष्यात इतक्या पेट्यांवर पाहिली आहे की ती श्लोकासारखी पाठ आहे. सांबा वेगवान करण्याचा उपाय म्हणून ती वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे गेली. दहा मेगाबिटच्या जमान्यात तिचा काही उपयोग झालाही असेल. त्यानंतर लिनक्स बफरचा आकार गरजेनुसार स्वतःच वाढवायला शिकला, पण एक अट आहे: प्रोग्रामने आकार हाताने ठरवला तर कर्नल त्यात हात घालत नाही. सांबाच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत याबद्दल स्पष्ट इशारा आहे, की बफरचा आकार इथे लिहिलात तर लिनक्सची स्वयंचलित व्यवस्था बंद पडेल आणि वेगाची वाट लागू शकेल.

आता ४० चा हिशेब बघा, तो इतका नेटका आहे की कागदावर मांडल्यावर मला हसू आलं. टीसीपीत घेणारा सांगतो, माझ्याकडे इतकी जागा आहे, तेवढंच पाठव आणि माझी पोच येईपर्यंत थांब. इथे जागा होती ८ केबीच्या आसपास. विंडोज मशीनपासून पेटीपर्यंत जाऊन यायला पिंगमध्ये ०.२ मिलिसेकंद दिसत होते. म्हणजे सेकंदाला ५,००० फेऱ्या. प्रत्येक फेरीत ८ केबी. ५,००० गुणिले ८ केबी: ४० मेगाबाइट.

यात कार्डाचा वेग कुठेच येत नाही. एक गिगाबिटच्या कार्डावरही फेरीला ०.२ च्या आसपासच वेळ लागत होता, म्हणून तेव्हाही ४०. आम्ही गल्लीचा हमरस्ता केला होता, पण पाणी वाहणाऱ्याच्या हातात तांब्याच होता, आणि तो प्रत्येक तांब्यानंतर पावती घ्यायला थांबत होता. आयपर्फला हे दिसलं नाही कारण आयपर्फने बफर मागितलाच नव्हता, कर्नलने त्याला हवा तेवढा दिला.

सॉकेट ऑप्शन्सची ओळ पूर्ण काढून टाकली. टीसीपी नोडिले हे सांबात आपसूकच असतं, ते वेगळं लिहायची गरज नाही. टेस्टपार्मने फाइल तपासली. एक खाचखळगा इथे आहे: नुसतं रीलोड करून भागत नाही. जोडणी जुळते तेव्हा बफर ठरतो, आणि विंडोज मशीनची जोडणी सकाळपासून उघडीच असते. एडिटिंगच्या पोरांना फाइली सेव्ह करायला लावल्या आणि सांबा रीस्टार्ट केला. एसएसमध्ये आरबी वाढताना दिसला, सहा आकडी झाला आणि पुढे गेला.

साठ जीबी, तेच फोल्डर, तेच मशीन. आकडा ६५० च्या वर उघडला, मध्येच ७०० ला टेकला, एकदा ५८० वर आला. एकूण वेळ दीड मिनिटाला दोन सेकंद कमी. इथून पुढे अडवत असतील त्या एसएसडी आणि सांबाची एका ग्राहकाला एक प्रक्रिया देण्याची पद्धत. त्याच्या मागे लागलो नाही. मेव्हणे जंबो फ्रेमबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

मग मी उलटा प्रयोग केला, मुद्दाम. स्लॉट आणि जीआरओ यांच्या दुरुस्त्या वाया गेल्या का, हे आण्णांना विचारायचं होतं आणि मलाही. जीआरओसह तिन्ही सोयी क्षणभर पुन्हा बंद केल्या: कॉपी ४८० वर आली. कार्ड परत खालच्या स्लॉटमध्ये घालायचा कंटाळा केला, पण आयपर्फचे ३.२ गिगाबिट म्हणजेच ४०० मेगाबाइट, त्याच्या वर ती कॉपी जाऊ शकली नसती हे सांगायला कार्ड हलवावं लागत नाही. म्हणजे तीन दोष होते, तीन वेगवेगळ्या उंचीची छतं एकाखाली एक, आणि मी वरची दोन आधी काढली. सगळ्यात खालचं काढेपर्यंत आण्णांच्या डोक्याला तेच लागत होतं. खालून काढली असती तर पहिल्याच दिवशी ४० चे चारशेच्या घरात गेले असते आणि उरलेलं काम चहा पीत झालं असतं.

दोन्ही फाइलींत आता काढलेल्या ओळींच्या जागी एकेक टिपण आहे: काय होतं, का काढलं, कोणत्या तारखेला. भाच्याने ती टिपणं स्वतःच्या अक्षरात एका वहीतही उतरवून घेतली, तिच्यावर त्याने 'पेटी' असं लिहिलंय.

निघताना आण्णांनी बॅकअपची पेटी दाखवली. एकच फिरती हार्ड डिस्क, एक गिगाबिटची केबल, वेग १०५ मेगाबाइट. "ह्याला बी दहाचं कार्ड टाकू का?"

"नको आण्णा," मी म्हटलं. "ती डिस्कच दीडशे-पावणेदोनशेच्या वर जात नाही. आणि तुमचा बॅकअप रात्री दोनला चालतो."

"मग ग्राफिक्स कार्ड तरी घेऊन जा. पडून आहे."

ते माझ्या टेबलावर आहे, अजून धूळ पूर्ण निघालेली नाही.